जपानी मोटारींनी डेट्रॉइट बुडवले, हे कितपत खरे?

सायलेन्सर (चाकण)

नमस्कार. मी चाकणमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क लावले, तेव्हापासून आमच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत एकच वाद चालू आहे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी ठामपणे सांगतात की, जपान्यांनी स्वस्त मजुरीच्या जोरावर अमेरिकेची बाजारपेठ गिळली आणि अमेरिकी सरकारने सत्तरच्या दशकातच दारे लावून घेतली असती, तर डेट्रॉइटवर, म्हणजे अमेरिकी मोटार कंपन्यांच्या गावावर, ही वेळ आली नसती. मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. १९५० मध्ये जगात तयार होणाऱ्या दर चार वाहनांपैकी सुमारे तीन अमेरिकेत तयार होत होती. १९८० मध्ये जपानने उत्पादनाच्या आकड्यात अमेरिकेला मागे टाकले. एवढी उलथापालथ केवळ मजुरीच्या फरकाने होते का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न त्याला चिकटूनच आहे. अमेरिकी कंपन्या मागे पडल्या, तरी अमेरिकी माणसाचे मोटारीवाचून पान हलत नाही, ते तसेच राहिले. कंपन्यांची घसरण आणि समाजाचे हे अवलंबित्व यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे. घाई नाही, वाद बराच काळ चालणार आहे.


मिशिगनकर (डेट्रॉइटजवळ)

सायलेन्सरराव, तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे साफ खोटे नाही, पण ते पुस्तक मधूनच उघडून वाचू लागले आहेत. मी गेली अठ्ठावीस वर्षे या भागात राहतो आणि सस्पेन्शनच्या कामात आहे, त्यामुळे ही कथा मी कार्यालयात, शेजाऱ्यांकडून आणि निवृत्त कामगारांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. ती जपानपासून सुरू होत नाही.

हेन्री फोर्ड यांनी १९०८ मध्ये मॉडेल टी आणली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जोडणी-साखळी बसली आणि एका सांगाड्याच्या जोडणीला जे साडेबारा तास लागत, ते काही महिन्यांत दीड तासावर आले. विसाच्या दशकाच्या मध्यात हीच मोटार तीनशे डॉलरच्या आत मिळू लागली. म्हणजे स्वस्त, साधी, टिकाऊ आणि लहान शेतकऱ्याला परवडणारी मोटार ही मुळात अमेरिकेचीच कल्पना. जपान्यांनी पुढे विकली ती तीच. मग अमेरिकेने ती सोडून का दिली?

कारण ज्यांना मोटार हवी होती, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे ती आली. आता दुसरी मोटार कशी विकायची, हा प्रश्न जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी सोडवला. दरवर्षी रूप बदलायचे, रंग द्यायचे, हप्त्याने विकायचे (त्यासाठी कंपनीने १९१९ मध्येच स्वतःची कर्जसंस्था काढली होती) आणि शेव्हरोलेपासून पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्युइक करत कॅडिलॅकपर्यंत एक जिनाच उभा करायचा. पगार वाढला की माणूस एक पायरी वर चढणार. फोर्ड यांना हे पटायला वेळ लागला आणि १९२७ मध्ये दीड कोटीहून अधिक मोटारी बनवून मॉडेल टी बंद करावी लागली.

या जिन्यातच पुढच्या संकटाचे बीज आहे. मोठी मोटार बनवायला लहान मोटारीपेक्षा थोडा पत्रा जास्त लागतो, कामगारांचे तास मात्र जवळजवळ तेवढेच. विकताना किमतीतला फरक मोठा. त्यामुळे लहान मोटार म्हणजे नफ्याला कात्री, असे समीकरण इथल्या व्यवस्थापकांच्या डोक्यात पक्के बसले. पन्नासच्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दोन मोटारींपैकी एक जनरल मोटर्सची असायची. कंपनीला प्रतिस्पर्ध्यांची भीती नव्हती. सरकार मक्तेदारीविरोधी कायद्याखाली आपले तुकडे करील, याची होती.

पहिला धक्का जर्मनांनी दिला. १९४९ मध्ये फोक्सवॅगनच्या त्या भुंग्यासारख्या मोटारीचे अमेरिकेत अवघे दोन नग विकले गेले. साठच्या दशकाच्या अखेरीस ही कंपनी इथे वर्षाला पाच लाखांहून अधिक मोटारी विकत होती. डेट्रॉइटने १९५९ च्या शरद ऋतूत कॉर्व्हेअर, फाल्कन, व्हॅलिअंट अशा लहान मोटारी काढल्या खऱ्या, पण सवय जाते कुठे? पुढच्या वर्षांत त्यांतल्या काही फुगतच गेल्या.

जपानी पहिल्या फेरीत सपशेल हरले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. टोयोटाने १९५८ मध्ये टोयोपेट क्राउन इथे विकायला आणली. जपानच्या खडबडीत रस्त्यांसाठी बनवलेली ही जड मोटार कॅलिफोर्नियाच्या द्रुतगती मार्गांवर धापा टाकू लागली आणि दोन-तीन वर्षांत कंपनीने ती मागे घेतली. ते घरी गेले, चुका शोधल्या आणि १९६५ मध्ये कोरोना घेऊन परत आले. मजुरी १९५८ मध्येही स्वस्तच होती, किंबहुना अधिक स्वस्त होती. तरी मोटार खपली नाही, हे तुमच्या सहकाऱ्यांना जरूर सांगा.

पुढे १९७० च्या हवा-शुद्धतेच्या कायद्याने धुरावर कडक मर्यादा घातल्या. एवढ्या कमी काळात हे अशक्य आहे, असे डेट्रॉइटच्या कंपन्या वॉशिंग्टनला जाऊन सांगत होत्या. तेवढ्यात होंडाने इंजिनातच ज्वलनाची पद्धत बदलली आणि धुराड्यात उत्प्रेरक यंत्र न बसवता १९७५ च्या सिव्हिकने ती परीक्षा पार केली. यात मजुरीचा संबंध कुठे येतो?

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले, तेलाचे भाव चार-पाच महिन्यांत चौपट झाले, पंपांवर रांगा लागल्या. १९७९ मध्ये इराणमधल्या क्रांतीमुळे तेच पुन्हा घडले. क्रायस्लर ही डेट्रॉइटचीच मोठी कंपनी बुडण्याच्या बेतात आली आणि १९८० च्या जानेवारीत अध्यक्ष कार्टर यांनी तिच्या दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला सरकारी हमी देणाऱ्या कायद्यावर सही केली.

आता दारे लावण्याविषयी. ती लावून पाहिली गेली आहेत! १९८१ च्या मे महिन्यात जपानने ‘स्वेच्छेने’ वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारींची मर्यादा मान्य केली. स्वेच्छा किती होती, ते वेगळे सांगायला नको. पण मर्यादा नगांवर होती, किमतीवर नव्हती. तेवढेच नग पाठवायचे असतील, तर महागडे का पाठवू नयेत, असा सरळ हिशेब जपान्यांनी केला. १९८२ मध्ये होंडाने ओहायोतल्या मेरीसव्हिल इथे, १९८३ मध्ये निस्सानने टेनेसीत आणि १९८८ मध्ये टोयोटाने केंटकीत वाहने बनवायला सुरुवात केली. महागड्या मोटारींची खास जपानी नावेही आली: १९८६ मध्ये अ‍ॅक्युरा, १९८९ मध्ये लेक्सस आणि इन्फिनिटी. ज्या कॅडिलॅकच्या पायरीवर डेट्रॉइट निर्धास्त बसले होते, तिथेच पाहुणे येऊन बसले. दार लावून घेतले, तर त्यांनी अंगणातच घर बांधले. मधल्या काळात किमती वाढल्या त्या जपानीही आणि अमेरिकीही, आणि त्या भरल्या ग्राहकाने.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या वर्षांत इथल्या कामगार संघटनांच्या वाहनतळांवर परदेशी मोटार लावू नये अशा पाट्या होत्या, आणि जपानी मोटारीवर घण घालण्याचे कार्यक्रम होत. १९८२ च्या जूनमध्ये डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलंड पार्कमध्ये, म्हणजे ज्या गावात ती पहिली साखळी बसली त्याच गावात, व्हिन्सेंट चिन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारहाण झाली आणि चार दिवसांनी तो मरण पावला. मारणाऱ्यांपैकी एक क्रायस्लरचा पर्यवेक्षक होता, दुसरा काम गेलेला मोटार कामगार. चिन जपानी नव्हताच. तो चिनी वंशाचा अमेरिकी होता. दोघांना तुरुंगवास झाला नाही. तीन वर्षांची परिवीक्षा आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर दंडावर ते सुटले. ‘परकीयांनी आमचे पोट मारले’ हे वाक्य मी कँटीनमध्ये ऐकतो, तेव्हा मला हे आठवते. आम्हीही इथे परकीयच दिसतो.


निवृत्त फोरमन (ठाणे)

मिशिगनकरांनी बाजारपेठेची बाजू मांडली. मी कारखान्याच्या आतली सांगतो, कारण माझे आयुष्य तिथे गेले.

ऐंशीच्या दशकात मुंबई परिसरातल्या एका मोटार कारखान्यात मी दारे बसवण्याच्या विभागात होतो. साखळी थांबवायची नाही, हा एकच धर्म. दार चौकटीत बसत नसले, की त्यावर फडके धरून लाकडी हातोड्याने ठोकायचे; तरीही बसले नाही, तर काचेवर खडूने फुली मारायची आणि मोटार पुढे सोडायची. शेवटी मागच्या आवारात फुल्यांच्या मोटारींची रांग लागे. महिनाअखेरीस आकडा गाठायचा असला, की त्या आवारात दुरुस्तीवाल्यांची जत्रा भरे. फुली का पडली, हे विचारायला मात्र कुणी कधी आमच्या जागेवर आले नाही. हीच पद्धत अमेरिकेतही होती, किंबहुना आपल्याकडे ती तिथूनच आली.

आता याच्या शेजारी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा कारखाना ठेवून पाहा. जनरल मोटर्सने तो १९८२ मध्ये बंद केला. गैरहजेरी इतकी, की काही दिवशी पाचातला एक कामगार येत नसे. दारू पिऊन काम, जाणूनबुजून केलेले बिघाड, संघटनेच्या तक्रारींचे ढीग. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. कामगार बहुतेक तेच जुने, संघटना तीच, मजुरीही अमेरिकी. काहींना जपानला पाठवून टोयोटाच्या साखळीवर उभे केले. परत आल्यावर त्यांच्या डोक्यावर एक दोरी टांगलेली होती. चूक दिसली, की कुणीही दोरी ओढायची. गटप्रमुख धावत येणार, आणि तेवढ्या वेळात उलगडा झाला नाही तर साखळी थांबणार. दोरी ओढणाऱ्याला रागवायचे नाही, उलट आभार मानायचे. ज्या कामगाराने वीस वर्षे ‘साखळी थांबवलीस तर घरी जाशील’ हेच ऐकले, त्याच्या हातात दोरी दिली म्हणजे काय दिले, हे बाहेरच्या माणसाला कळणे कठीण आहे. थोड्याच काळात त्या कारखान्यातल्या मोटारींचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या जवळपास पोहोचला.

म्हणजे माणसे बदलली नाहीत, मजुरी बदलली नाही, देश बदलला नाही. फुली आणि दोरी एवढाच फरक. सायलेन्सर यांच्या पहिल्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मला सुचत नाही. गंमत अशी, की यातले पुष्कळसे जपानने अमेरिकेकडूनच शिकलेले. १९५० मध्ये टोयोटाचे एजी टोयोडा फोर्डचा कारखाना पाहायला डेट्रॉइटला गेले होते, त्याच वर्षी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग जपानी व्यवस्थापकांना गुणवत्तेचे धडे देत होते, आणि लागेल तेवढाच माल लागेल तेव्हा मागवायचा, ही कल्पना टोयोटाच्याच ताइइची ओनो यांना अमेरिकी सुपरमार्केटच्या फळ्यांवरून सुचली.

तरीही जनरल मोटर्सला फ्रीमाँटचा धडा आपल्या इतर कारखान्यांत नेता आला नाही, निदान वेळेवर नाही. दोऱ्या टांगल्या गेल्या, पण ओढणाऱ्याकडे व्यवस्थापक डोळे वटारून पाहत. २००९ च्या १ जूनला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फ्रीमाँट २०१० मध्ये बंद झाला आणि तिथे आता टेस्ला आहे.

आपल्याकडचा एक धागा जोडतो. जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ मध्येच मोटारी जोडायला सुरुवात केली होती, आणि वालचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात आरंभी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या. त्या ऐसपैस डॉज आणि प्लिमथ आमच्या लहानपणी रस्त्यावर दिसत. पण टिकली कोण? इटलीची छोटी फियाट आणि नंतर सुझुकी. तळेगावला आलेली जनरल मोटर्सही शेवटी गेली आणि तो कारखाना ह्युंदाईने घेतला, हे चाकणच्या माणसाला मी काय सांगावे.


पायवाट (डेट्रॉइटजवळ)

दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कुणी वळलेले नाही, म्हणून लिहिते.

मी लग्नानंतर इथे आले तेव्हा माझ्याकडे काम करण्याचा परवाना नव्हता आणि मोटार चालवण्याचाही. आमच्या इमारतीच्या गच्चीवजा सज्जातून दुधाचे दुकान समोर दिसे. मध्ये सहा पदरी रस्ता. इमारतीपासून पन्नास पावलांवर पदपथ संपायचा, त्यापुढे गवताचा उतार आणि हिवाळ्यात नांगराने ढकललेल्या बर्फाचा कमरेएवढा ढीग. सिग्नल होता, पण पायी जाणाऱ्यासाठी त्यावर दिवा नव्हता. पहिल्यांदा मी ओलांडून गेले, तेव्हा एका बाईंनी मोटार थांबवून, काच खाली करून, खऱ्या काळजीने विचारले, की तुमची गाडी बंद पडली आहे का. पायी चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस, एवढाच अर्थ इथे शिल्लक आहे. त्या दिवसापासून चार महिने मी दुधासाठी शनिवारची वाट पाहिली.

हे आपोआप झालेले नाही. डेट्रॉइटमध्ये ट्राम होत्या. शेवटची ८ एप्रिल १९५६ रोजी धावली आणि चांगल्या अवस्थेतले डबे मेक्सिको सिटीला विकले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ४१ हजार मैलांच्या आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली, ज्यात नव्वद टक्के खर्च केंद्राचा. युद्धाहून परतलेल्या सैनिकांना घरासाठी सरकारी हमीची कर्जे मिळत होती, आणि ती मुख्यतः शहराबाहेरच्या नव्या घरांना. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये १९४७ पासून १७ हजारांवर घरे साच्यातून काढल्यासारखी उभी राहिली आणि आरंभीच्या करारातच गोऱ्यांशिवाय कुणाला राहू देऊ नये असे कलम होते. गोरी कुटुंबे मोटारीने बाहेर गेली. त्यांना कामावर आणायला रस्ते हवे होते, आणि ते शहरात राहिलेल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांवरून गेले. डेट्रॉइटची ब्लॅक बॉटम ही वस्ती आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटवरची तिची दुकाने, गाण्याचे अड्डे, दवाखाने पाडून तिथे जो द्रुतगती मार्ग झाला, त्याचे नावच क्रायस्लर. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकवस्तीचे हे शहर २०१० मध्ये सव्वासात लाखांच्याही खाली आले होते. लोक नाहीसे झाले नाहीत, मोटारीत बसून आठ-दहा मैलांच्या रेघेपलीकडे गेले. १९५४ मध्ये डेट्रॉइटमधल्या हडसन नावाच्या जुन्या दुकानाने शहराबाहेर साउथफील्डला नॉर्थलँड नावाचे प्रचंड बाजारसंकुल काढले, आणि १९८३ मध्ये शहरातले मूळ दुकानच बंद केले.

म्हणून, जपान्यांनी डेट्रॉइट बुडवले असे कुणी म्हटले, की मला नवल वाटते. डेट्रॉइट कंपन्यांचा ऱ्हास आणि डेट्रॉइट शहराचा ऱ्हास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहर रिकामे होऊ लागले ते पन्नासच्या दशकात, जेव्हा कंपन्या तुफान नफ्यात होत्या. स्वतःच्याच मालाने पहिल्यांदा पोखरलेले हे शहर आहे.

मी अर्थातच गाडी शिकले. आता मुलाला शाळा, तबला आणि पोहणे यांसाठी दिवसाला चाळीस मैल फिरवते आणि नवीन आलेल्या मुलींना, पहिल्याच महिन्यात परवाना काढा, असे सांगते.


हिशेबनीस (बंगळूर)

पायवाटताईंचा प्रतिसाद उत्तम आहे, पण दोन ठिकाणी पुस्ती जोडावीशी वाटते.

ट्रामचा विषय निघाला, की पुढच्या प्रतिसादात कुणीतरी ‘जनरल मोटर्सने कट करून ट्राम संपवल्या’ हे लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. नॅशनल सिटी लाइन्स या कंपनीमागे जनरल मोटर्स, फायरस्टोन आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया यांचा पैसा होता आणि १९४९ मध्ये त्यांना दोषी ठरवून जनरल मोटर्सला पाच हजार डॉलर दंड झाला, हे खरे आहे. परंतु तो दोष बस आणि इंधन आपल्याचकडून घ्यायला लावण्याच्या मक्तेदारीचा होता. ट्राम कंपन्या त्याआधीच डबघाईला आल्या होत्या: भाडे गोठवलेले, त्याच रुळांवर मोटारींची गर्दी, आणि ट्रामच्या भोवतालचा रस्ता दुरुस्त करण्याची जबाबदारी पुन्हा त्यांचीच. डेट्रॉइटच्या ट्राम तर १९२२ पासून नगरपालिकेच्या मालकीच्या होत्या. त्या नगरपालिकेनेच बंद केल्या.

दुसरे असे, की मोटारीने माणसाला केवळ बांधलेच नाही. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत १९५५ च्या डिसेंबरात काळ्या नागरिकांनी बसवर बहिष्कार टाकला, तो वर्षभर टिकला तो काय जोरावर? निग्रह होता, पायी चालणे होते, आणि सुमारे तीनशे खासगी मोटारींची आखीव सेवाही होती. अपमान करणाऱ्या बसला पर्याय म्हणून मोटार उभी राहिली, म्हणूनच शहराने त्या मोटारींच्या विम्यावर आणि सेवेवर घाव घातला. ज्यांना बसमध्ये मागे उभे केले जाई, त्यांच्यासाठी स्वतःची जुनी शेव्हरोले ही चैन नव्हती.

मजुरीविषयी निवृत्त फोरमन यांच्याशी मी थोडा असहमत आहे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी येन स्वस्त होता आणि त्याचा जपान्यांना चांगलाच लाभ झाला. हे कारण नव्हतेच, असे म्हणू नये. पण डॉलर स्वस्त करण्यासाठी १९८५ च्या सप्टेंबरात झालेल्या प्लाझा करारानंतर दोन-अडीच वर्षांत डॉलरची येनमधली किंमत जवळपास निम्मी झाली. मजुरी आणि चलन एवढेच कारण असते, तर डेट्रॉइटने गेलेला बाजार तेव्हाच परत मिळवला असता. तो मिळाला नाही.


सायलेन्सर (चाकण)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फुली आणि दोरी ही गोष्ट मी काल कँटीनमध्ये सांगितली. आमच्याकडे दोरी आहे, पण ती ओढल्यावर काय होते, यावर जी चर्चा झाली ती इथे लिहिता येणार नाही.

सहकाऱ्यांनी एक नवा मुद्दा काढला आहे. ते म्हणतात, की पिकअप ट्रकच्या बाजारात अमेरिकी कंपन्या आजही राज्य करतात, आणि तिथे शुल्क पूर्वीपासून २५ टक्के आहे. म्हणजे दार लावले की घर वाचते. यावर काय म्हणावे?


मिशिगनकर (डेट्रॉइटजवळ)

सहकाऱ्यांना नमस्कार सांगा; त्यांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. ते शुल्क मोटारींच्या भांडणातून आलेलेच नाही. साठच्या दशकाच्या आरंभी पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने स्वस्त अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली, तेव्हा प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेने ब्रँडी, बटाट्याचे स्टार्च आणि हलके ट्रक अशा काही वस्तूंवर २५ टक्के शुल्क लावले. बाकीच्या वस्तूंवरचे पुढे उठले, ट्रकवरचे १९६४ पासून चालूच आहे. इथे सगळे त्याला कोंबडी-कर म्हणतात.

घर वाचले हे खरे, पण घरात काय उरले ते पाहा. १९७५ च्या इंधन-बचतीच्या कायद्याने मोटारींना कडक आणि हलक्या ट्रकना सैल मर्यादा घातली. एकीकडे शुल्काची भिंत, दुसरीकडे सैल नियम. त्यामुळे कंपन्यांनी ट्रकच्या सांगाड्यावर कौटुंबिक मोटारी चढवल्या, त्यांना एसयूव्ही म्हटले आणि तोच जुना जिना पुन्हा बांधला. त्यासाठी लागणारा समाज, म्हणजे पायवाटताईंचा सहा पदरी रस्ता, दुकानासमोरचे मैदानाएवढे वाहनतळ आणि दोन गाड्यांचे गॅरेज असलेले घर, आधीच तयार होता. तुमच्या दोन प्रश्नांचा संबंध मला इथे दिसतो. लहान मोटारीचा बाजार डेट्रॉइटने हळूहळू सोडूनच दिला. २०१८ मध्ये फोर्डने मस्टँग वगळता इथल्या आपल्या साध्या मोटारी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. आणि या उंच नाकाच्या गाड्यांच्या काळात रस्त्यावर पायी चालताना मरणाऱ्यांची संख्या २००९ मधल्या सुमारे ४१०० वरून २०२२ मध्ये ७५०० च्या वर गेली. गाड्यांचा आकार हे त्याचे एकमेव कारण नाही, पण बंपर कमरेला लागतो की छातीला, याने फरक पडतो.

भिंत बांधणाऱ्याच्याच अंगणात ती कशी आडवी येते, त्याचा एक नमुना सांगतो. फोर्ड आपली ट्रान्झिट कनेक्ट ही लहान मालवाहू व्हॅन तुर्कस्तानात बनवून इथे आणत असे. मालवाहू म्हणून आणली तर २५ टक्के, प्रवासी म्हणून आणली तर अडीच टक्के. म्हणून प्रत्येक व्हॅनला मागच्या बाजूला आसने, पट्टे आणि खिडक्या बसवून ती जहाजातून बाल्टिमोरच्या बंदरात उतरवली जाई. जकात भरली, की बंदराजवळच्याच शेडमध्ये कामगार ती कोरी आसने उचकटून काढत, खिडक्यांच्या जागी पत्रा लावत आणि मालवाहू व्हॅन म्हणून ती विक्रीला जाई. आसने भंगारात. वर्षानुवर्षे हे चालले, जकात खात्याने हरकत घेतली, खटला वरपर्यंत गेला आणि २०२४ च्या मार्चमध्ये फोर्डने ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले.